तेराव्या महिन्याची पाळी

गिरजाबाईचे दोन्ही मुलगे व्यवहाराला चोख. आईला सांभाळायचं तेही बरोबरीनं, एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. अमावास्येला एकाची पाळी संपायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची सुरू. थोरला पुंडलिक कासूला राहायचा, डोलवीला ठेकेदारीची कामं घ्यायचा. धाकट्या मोरूचं रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात सिमेंट-पत्र्याचं दुकान. भाताची आणि वालाची जमीन रस्त्यात गेली, तेव्हा पैशांची वाटणी झाली त्याच बैठकीत आईचीही झाली. आवाज चढला नाही की कुणी कोर्टात गेलं नाही, याचं गावाला भारी कौतुक. गावाला काय, कशाचंही कौतुक वाटतं.

अडचण होती ती जागेची. दोघांनीही नवी घरं बांधली, पण म्हातारीपुरती जागा दोन्हीकडे नेमकी विसरली. कासूला ती पडवीत निजायची, अष्टमीत दुकानाच्या मागच्या शेडमध्ये. तिचं मागणं एवढंच होतं, की उंबऱ्याच्या आत निजायला मिळावं. “माणसानं घरात मरावं रं,” ती मुलांना म्हणायची. “भायेर कुत्री मरत्यात.” मुलं ऐकायची आणि मोबाईल बघायची.

मग मोरूला युक्ती सुचली. रोह्याजवळ मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस होतं, तिथं तो सिमेंट टाकायला गेला असताना आवारात कॅराव्हॅन उभी दिसली. चाकांवरची खोलीच म्हणा ना. आत एक पलंग, बेसिन, खिडकीला पडदा. शेठ हौसेनं फिरून कंटाळला होता आणि स्वस्तात द्यायला तयार होता. मोरूनं तिथूनच फोन लावला. “दादा, आयेचा प्रश्न सुटला बघ.”

पुंडलिक पेणहून काळुराम मेकॅनिकला घेऊन गेला. दोघा भावांनी बैल पारखावा तशी ती गाडी पारखली. काळुरामनं खाली वाकून चाकं बघितली, टायरांना भेगा होत्या. बेसिनजवळ पाय दाबला तर तळाची फळी मऊ लागली, पाणी मुरून कुजलेली. “हे बदलायला लागंल,” तो म्हणाला.

“तिला काय आत नाचायचंय?” पुंडलिक म्हणाला. कुजक्या फळीच्या नावानं त्यानं शेठकडून आणखी किंमत पाडून घेतली आणि फळी तशीच ठेवली.

आता ओढायला गाडी कोणती? ट्रॅक्टर सोसायचा नाही, हादऱ्यानं सांधे निखळतील, असं काळुराम म्हणाला. मोरूचा सिमेंटचा पिकअप दणकट होता, तो चालणार होता. पुंडलिककडे मात्र मोटारसायकल. त्याच्या डोक्यात किती वर्षं जीप घोळत होती आणि बायको सरू घेऊ देत नव्हती. आता त्यानं छाती पुढे काढून जीप घेतली. विचारणाऱ्याला सांगायचा, “आयेसाठी घेतली.” लोक म्हणायचे, असा मुलगा नशिबानं मिळतो. जीपच्या पुढच्या सीटवर आई एकदाही बसली नाही.

काळुरामनं दोन्ही गाड्यांना मागं आकडे बसवून दिले आणि बजावलं, “भार पुढच्या अंगाला ठेवा. मागं वजन झालं तर डबा शेपटीसारखा हलंल, गाडी घेऊन खड्ड्यात जाल.”

“पुढं आये बसंल की,” पुंडलिक म्हणाला.

“तिच्यात काय वजन उरलंय?” मोरू हसला. “दोन गोणी तांदूळ टाक.”

गोण्या टाकल्या. पलंगाचं उशाचं टोक पुढेच होतं, तिथंच त्या बसल्या, म्हणून गिरजाबाईला पाय पोटाशी घेऊन निजावं लागे.

पहिल्या दिवशी ती मात्र हरखून गेली होती. नवं लुगडं नेसून सगळ्या आळीला सांगून आली, “पोरांनी फिरतं घर घेतलंय गो माज्यासाठी!” तिला वाटलं, हरिहरेश्वर दाखवतील, दिवेआगर दाखवतील. सरूनं तिची ताटवाटी, कांबळं आणि तांब्या आणून डब्यात ठेवला. “आता तुमचं तुम्हाला मोकळं झालं, आई. पडवी धुवून घेते.” तेव्हा गिरजाबाईला सगळं कळलं. तिनं शेजारणींकडे वळूनही बघितलं नाही, आत जाऊन बसली.

तेव्हापासून डबा कधी कासूच्या अंगणात, कधी अष्टमीच्या दुकानामागं. ने-आणही निम्मी निम्मी. नागोठण्याजवळ एक बंद पडलेला ढाबा होता, एकानं तिथवर आणून आकडा सोडायचा, दुसऱ्यानं येऊन जोडायचा. चालत्या डब्यात माणूस बसवू देत नाहीत, म्हणून वाटेत पडदा ओढून गप्प बसायचं, असं तिला सांगून ठेवलं होतं. ती गप्प बसायची. तिला गप्प बसवायला पडद्याची गरजही नव्हती.

असे काही महिने गेले आणि दोन हजार अठराचा वैशाख आला. पाळी पुंडलिकची. अमावास्येला त्यानं मोरूला फोन केला. “माझा महिना झाला. उद्यापासून जेठ, तुझी पाळी.”

“जेठ माझाच, पण यंदा दोन हायेत,” मोरू म्हणाला. “पयला अधिक. माझा तो नंतरचा, निज. पंचांग बघ.”

“मंग अधिक कोनाचा?”

“अधिक देवाचा.”

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. बारा महिन्यांची वाटणी झाली होती, तेरावा कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. शिवाय अधिकात जावयाचा मान. सरूच्या माहेरून पुंडलिकला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं आणि जाताना वाटेत ढाबा लागत होता. त्यानं तिथं डबा सोडला, चाकांखाली दगड लावले, म्हणाला, “मोरू येतोच हाय, आये.” आणि बायकोला पुढं बसवून सासुरवाडीला गेला. तिथं त्याला पाटावर बसवून ओवाळलं आणि ताटात अनारसे वाढले. तो पोटभर जेवला.

मोरू आला नाही. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर उभं राहिलं. गिरजाबाई पहिल्या दिवशी दाराशी बसून येणारा प्रत्येक पिकअप बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तांब्यातलं पाणी संपलं.

रस्त्याच्या कडेला आवडी नावाची कातकरीण करवंदं विकायला बसायची, ढाब्यामागंच तिची झोपडी. तिनं पाणी आणलं. गिरजाबाईचा हात क्षणभर अडखळला. चांगले दिवस होते तेव्हा तिनं कातकरी गडी अंगणाच्या कडेला बसवून वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं. आवडीला हात अडखळलेला दिसला.

“पी नायतर मर,” ती म्हणाली. “माझं करवंद सुकतंय.”

गिरजाबाई प्यायली, घटाघटा प्यायली. रात्री आवडीनं तिला झोपडीत आत घेतलं. दया वगैरे काही नव्हती. सकाळी उठवून करवंदं निवडायला बसवायची, हात सावकाश चालला तर शिव्या घालायची. पण निजायची जागा कुडाच्या आत, चुलीजवळ. पाय लांब करता येत होते.

अधिक सरला. निज जेठाच्या पहिल्या सकाळी मोरू पिकअप घेऊन बरोबर हजर. आई डब्यात नाही, झोपडीच्या दारात बसलीय हे बघून तो चिडला.

“हितं काय करतीस? लोक काय म्हनतील? चल, बस डब्यात. दुकान उघडायचंय.”

“डब्यात नाय बसत,” गिरजाबाई म्हणाली. “घरात घेशील का, मोरू? उंबऱ्याच्या आत. तसं असंल तर येते.”

मोरूनं पिकअप मागं घेतला. त्यानं दगड काढले, डबा आकड्याला जोडला, ओढून बघितला आणि गाडी सुरू केली.

डबा रस्त्याला लागला. जरा पुढं जाऊन पिकअप थांबला. मोरू खाली उतरला आणि माघारी चालत येऊ लागला.

गिरजाबाई उठली. गुडघे दुखत होते तरी झटक्यात उठली. “माझाच तो,” ती आवडीला म्हणाली, “येईल म्हनलं व्हतं ना.” कांबळं काखेत घेतलं, केसांवरून हात फिरवला, चार पावलं पुढं झाली.

मोरू समोर आला आणि त्यानं हात पुढे केला.

“चावी ऱ्हायली,” तो म्हणाला. “डब्याच्या कुलपाची.”

ती पदराच्या गाठीत होती. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तो घड्याळ बघत उभा राहिला.