पाइता म्हणजे शर्ट

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी मी नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करायचे. तो चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत, मी डिपेंडंट पासवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या परवान्यावर. पुण्यात कॉलेजात मी भाषाशास्त्र शिकवत होते. इथे कॉलरींना सरळ राहायला शिकवत होते.

शेजारी एक फिनलंडची बाई राहायची. तीही नवऱ्यामागून आलेली, तिकडे शाळेत फिनिश शिकवणारी. दुपारी ती चहाला आली की आम्ही दोन रिकाम्या मास्तरणी शब्दांवर गप्पा मारायचो. एकदा माझ्या हातातल्या शर्टाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "पाइता. पण हा शब्द मूळचा आमचा नाही. फार पूर्वी शेजारच्या जर्मानिक लोकांकडून घेतलेला."

"मग त्यांच्याकडे आता शर्टाला काय म्हणतात?"

"दुसरंच काहीतरी. एखाद्या बोलीत उरला असेल, बाकी ते विसरले. आम्हाला मात्र रोज लागतो."

कॉलेजातली माझी बिनपगारी रजा संपत आली होती. माहेरी विसरलेली आणि इथे रोज लागणारी वस्तू मला व्हायचं नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "मला कॉलेज सोडायचं नाहीये."

"मग जा की," तो जेवता जेवता म्हणाला. "मी करीन माझं."

इतकं सोपं होतं ते.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून विभागप्रमुख बाईंचा फोन आला. "नव्या सत्राचं वेळापत्रक लावतेय. येताय ना?"

आमच्या घराण्यातली बाई कुठल्याही प्रश्नाला आधी एकच उत्तर देते, मग तो भिशीच्या तारखेचा असो की पडद्याच्या रंगाचा. आई तेच म्हणायची, मावश्या तेच. नवऱ्याला मी अरे-तुरे करते, तरी तोंडातून तेच आलं.

"यांना विचारून सांगते."

बाई समजुतीने म्हणाल्या, "कळलं हो. आम्हीही संसार केलेत. संकोच करू नका, मी दुसरं कोणीतरी बघते."

अहो, तसं नाही, म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. लगेच उलटा लावायला हवा होता. पण काय सांगणार, की विचारण्यासारखं काही नव्हतंच? लाजेने हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी धीर करून लावला, तोवर जागा भरली होती.

रविवारी नवऱ्याने शर्टांचा ढीग माझ्यापुढे आणून ठेवला आणि सहज विचारलं, "मग, तुझं तिकीट कधीचं काढू?"