उकळलेली बुरशी

शिळ्या पोळीवर काळसर बुरशी येते ना, तिच्याच जातीची बुरशी मी विद्यापीठात वाढवत होते. पाण्यात विरघळलेलं युरेनियम ती अंगावर ओढून घेते. एका गावाच्या हातपंपात ते सापडलं होतं. तिथल्या बाया मला दर खेपेला विचारायच्या, "दीदी, ई पानी पियें कि नाहीं?" मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण विद्यापीठाच्या संशोधन समितीने बजावलं होतं, पुढच्या बैठकीत निकाल दाखवा, नाहीतर काम बंद.

नेमका तेव्हाच प्रयोगशाळेतला एसी बंद पडला. बाहेर बनारसची लू, भाजून काढणारा वारा. बुरशी सडेल म्हणून बरण्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आणल्या आणि खालच्या थंड खोलीत ठेवल्या. त्यांत युरेनियम नव्हतं, नुसती बुरशी.

घरात दिराच्या लग्नानंतरचं बोडण होतं. देवीसाठी सुवासिनींनी दूध-दही कालवायचं म्हणजे सासूबाईंचं सोवळं आणखी कडक. आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं त्या आधणातून काढतात. बरण्या विद्यापीठाच्या, फेकता येईनात, म्हणून त्यांनी त्या बुरशीसकट पातेल्यात उकळल्या.

मी आले तेव्हा राखाडी गोळे वर तरंगत होते.

"आई, मारून टाकलीत हो सगळी!"

"मग? देवीच्या घरात फफूंद जिवंत ठेवू? बरण्या एकदम साबूत आहेत तुझ्या, बघ."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण नवी बुरशी वाढवायला वेळच नव्हता. मेलेली बुरशीही धातू धरते असं वाचलं होतं. आमचे सर मात्र जिवंतच हवी म्हणून अडून बसले होते. म्हटलं, मेली तर मेली, मी सोडणार नाही. झाऱ्याने गोळे काढले, फडक्यात पिळले, गच्चीवर पसरले. लूमध्ये ते पापडासारखे कडक वाळले. दुसऱ्या दिवशी बोडण आटोपताच प्रयोगशाळा गाठली, भुकटी केली आणि युरेनियमच्या पाण्यात टाकली.

जिवंत बुरशीपेक्षा तिने जास्त युरेनियम धरलं. सर म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, तेच आलं.

बैठकीत एका सदस्याने विचारलं, "मरी हुई है, तो गाँव में बिजली न हो तब भी चलेगी?"

"चलेगी," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. काम पुढे चालू ठेवायला परवानगी मिळाली.

घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्या मागे सरकल्या. "आधी आंघोळ कर. काय काय हाताळून आलीस!"

आंघोळ करून आले तेव्हा त्या ताट वाढत होत्या. "त्या गावच्या बायांना काय सांगणार आता?"

"थोडं थांबा म्हणेन. अजून पुष्कळ तपासायचंय."

"थांबा?" त्यांचा हात ताटावरच राहिला. "तहान थांबते होय कुणाची?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच प्रयोगशाळा उघडली.