कॅशिअरचे हात

बँकेवरच्या दरोड्याचा तो सिनेमा थिएटरात आठवडाभरही टिकला नव्हता. त्यात कॅशिअर झाले होते आजींचे यजमान. तीस वर्षं खऱ्या काउंटरमागे बसलेला माणूस म्हणून दिग्दर्शकाने त्यांना घेतलं होतं. ते जाऊन आता चार वर्षं झाली. नात मोबाइलवर प्रेक्षकांची मतं वाचून दाखवत होती.

"'कथेला शेंडा ना बुडखा. दरोडेखोरांपेक्षा तिकीटवाल्यानेच जास्त लुटलं.'"

आजी हसल्या. पुढच्या मताशी नात अडखळली.

"वाच गं, मी काय रुसणार आहे आता?"

"'कॅशिअरचे हात किती थरथरतात! इतका अतिअभिनय कशाला?'"

तो कंप खरा होता. सिनेमानंतर वर्षभराने डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आजींना उमगलं, यजमान चहाचा कप अर्धाच भरायला का सांगत होते.

"खरं काय ते लिहू का त्याला?"

"नको. माझ्यापासूनसुद्धा लपवत होते ते. त्याला अभिनय वाटला, म्हणजे जमलं म्हणायचं त्यांना."

मग आजींनी कॅशिअरचा तो प्रसंग लावायला सांगितला. थिएटरात त्यांनी नुसता चेहरा बघितला होता. आज त्या हातांकडेच बघत राहिल्या.