एका लाल फांदीपायी

अमेरिकेत मी शहाणी माणसं पोत्यानं पाहिली, पण निवडुंगाला अहो-जाहो करणारा माणूस एकच पाहिला, तो म्हणजे फीनिक्समधल्या आमच्या इंडियन ग्रोसरीतले काका. भेंडी मोडून बघणाऱ्या बायकांना ते दटावत, आणि दुसऱ्या श्वासाला टेकडीवरच्या दीडशे वर्षांच्या सग्वारोची तब्येत सांगत. “आजोबांना यंदा डाव्या हाताला नवीन कळ्या आहेत.” आजोबा म्हणजे तो सग्वारो, तीन माणसांच्या उंचीचा निवडुंग. हिवाळ्यात वाळवंटात पाऊस झाला की काका दुकानाच्या दारात उभे राहून बोटांवर आठवडे मोजत, आणि मार्चमध्ये खुशाल सिक लीव्ह टाकत. मालकानं एकदा विचारलं, “काय होतंय तुम्हाला?” तर म्हणाले, “मला काही नाही. बाहेर फुललंय.”

त्या दिवसांत ते आम्हा स्टुडंट लोकांना एसी मेलेल्या गाडीत कोंबून पार्कात नेत. नियम कडक. हळू बोलायचं, वाट सोडायची नाही, फुलाला हात लावायचा नाही. आमच्यातल्या एका मुलीनं पिवळं पॉपीचं फूल केसात खोवलं, तर म्हणाले, “सॉरी म्हण.”

“काका, प्लांटला?”

“मग काय मला? माझं काय तोडलंस?”

ती म्हणाली बिचारी. आम्ही हसून लोळलो. उपनगरात मोठी घरं घेतलेली इथल्या मराठी मंडळातली माणसंही हसायची, पण त्यांचं हसणं वेगळं होतं. दुकानात पोती लावणाऱ्यानं आपल्याला शिकवावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

२००५ चा वसंत फार मोठा आला. ओसाड डोंगर पिवळेधमक झाले होते. पाडव्याला मंडळानं गुढी सजवायचं काम माझ्याकडे दिलं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं. माझे वडील जिनिंग फॅक्टरीत हमाली करायचे. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अशा माणसाला मोठ्या घरातल्या लोकांनी काम सांगितलं की तो जरा जास्तच पळतो. सकाळी काका मला गाडीतून हॉलवर सोडायला निघाले आणि सवयीनं वाटेत पार्काशी थांबले. ते फुलं बघत पुढे गेले. रस्त्याकडेला ओकोटियोची झाडं होती, म्हणजे नुसत्या काटेरी काठ्या, टोकाला लालभडक तुरे. आमच्या गल्लीत देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल तोडणं चोरीत धरत नाहीत, उलट लवकर उठल्याबद्दल कौतुक होतं. मी गुढीसाठी आणलेल्या कडुलिंबाच्या पिशवीतला चाकू काढला आणि एक फांदी उतरवली.

पार्काचा रेंजर आला तेव्हा फांदी गाडीच्या बॉनेटवर होती आणि काका धापा टाकत परतत होते. कोणी तोडली, त्यानं विचारलं. काकांनी फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकं वाईट वाटलेला चेहरा मी परत पाहिला नाही. “मी,” ते इंग्रजीत म्हणाले. आणि मला मराठीत, “तू गप्प बस. तुझा व्हिसा स्टुडंटचा. मे महिन्यात डिग्री आहे ना?”

मी गप्प बसलो. काकांना दंड झाला आणि वर्षभर पार्कात पाऊल टाकायला बंदी.

फांदी जप्त झाली होती. गुढी अशी उघडीबोडकी का, असं हॉलवर सगळ्यांनी विचारलं. काकांनी तिथंही तेच सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “वा काका, आम्हाला लेक्चर आणि स्वतः फूलचोर.” हॉल हसला. दोन पावलांवर मी श्रीखंड वाढत होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी पुढच्या ताटाकडे वळलो.

मेमध्ये सग्वारो फुलले. काका सुट्टी घेऊन गेले आणि कुंपणाबाहेर, हायवेच्या कडेला गाडीला टेकून लांबूनच बघत राहिले, असं कोणी तरी हसत सांगितलं. उन्हाळ्यात दुकान बंद पडलं. काका देशाच्या पार पूर्व टोकाला, पार्सिपनीला, भाच्याच्या दुकानात गेले. बंदीचं वर्ष संपलं तेव्हा ते इथं नव्हतेच.

मला नोकरी लागली, व्हिसा मिळाला, मग मला धाडस आलं. २००८ च्या पाडव्याच्या मीटिंगमध्ये मी उभं राहून सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “अरे यार, इतक्या जुन्या गोष्टीचं काय. स्पीकर कोण आणतंय?”

त्या संध्याकाळी काकांना फोन केला. मी मंडळाला सांगितलं, म्हणालो.

“कशाला? आता तुला बोलवायचे नाहीत ते.”

“माझ्यामुळे तुमचा शेवटचा वसंत गेला, काका.”

पलीकडे कोणाला तरी तांदूळ कुठल्या रांगेत आहे ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “इथं ट्यूलिप लावतात लोक. दारापुढं, ओळीत, पाणी घालून.” पलीकडे पोतं सरकवल्याचा आवाज आला. “वाईट नाहीत बिचारे.”