उसनं व्हेनिस

फेदोरा तियोत्सो रोज सकाळी व्हेनिसला जायला निघायची, आणि रोज व्हेनिसच्या नावानं बोटं मोडत निघायची. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यातलाच हा प्रकार.

गाव तिचं किओज्जा. खाडीच्या या टोकाला किओज्जा आणि त्या टोकाला व्हेनिस. मोठ्या प्रवासी जहाजांना व्हेनिसमध्ये शिरायला बंदी झाली, तेव्हापासून त्यातली काही आमच्या धक्क्याला लागू लागली. पण जहाज कंपन्या काय कच्च्या गुरूच्या चेल्या आहेत? जाहिरातीत त्या वीतभर अक्षरांत ‘व्हेनिस’ छापायच्या आणि त्याखाली ‘किओज्जा’ इतक्या बारीक अक्षरांत, की मुंगी मेली असावी असं वाटावं. प्रवासी धक्क्यावर उतरायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, “व्हेनिस कुठाय?” मग हातात ‘व्हेनिस’ लिहिलेली पाटी घेऊन उभी असलेली फेदोरा त्यांना गोळा करायची, लाँचमध्ये भरायची, खाडीपार न्यायची आणि संध्याकाळी डोकी मोजून परत आणायची.

व्हेनिसला पोचल्यावर ती स्वतः मात्र लाँचमधून खाली उतरत नसे. घरून आणलेलं पावाचं कडक कडबोळं आणि कांद्या-व्हिनेगरात मुरवलेले तारले मासे तिथेच बसून खायची. “त्यांच्या कॉफीला पैसे देण्यापेक्षा खाडीचं पाणी पिईन,” असं ती म्हणे. व्हेनिसवाले आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या गावंढळ कोळी समजत आले. आम्ही मासे धरायचे, त्यांनी ते खायचे आणि वर आमच्या अंगाला वास येतो म्हणून नाकानं कांदे सोलायचे.

बरं, आमच्या गावात काय नाही? कालवे आहेत, कालव्यांवर दगडी पूल आहेत, रंगीत शिडांच्या होड्या आहेत, खिडक्यांतून वाळत घातलेल्या चादरी आहेत. पण जहाजातला माणूस या सगळ्याला पाठ करून घड्याळ बघत उभा असायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. फेदोराला पगारवाढ नको होती, बक्षिसी नको होती. एकदा, फक्त एकदा, या लोकांपैकी कुणीतरी थांबून म्हणावं, “बाई, काय सुंदर गाव आहे हो तुमचं,” एवढीच तिची हौस. आणि ती हौस इतक्या वर्षांत कुणी पुरवली नव्हती.

मग ऑक्टोबरातला तो दिवस आला. खाडीवर असं दाट धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. लाँच बंद. बसनं न्यावं तर रोमेआ रस्त्यावर कांद्याचा ट्रक आडवा झालेला. जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि धक्क्यावर छत्र्या, टोप्या आणि कॅमेरे घेतलेला अमेरिकन घोळका “व्हेनिस कुठाय?” करत उभा होता. फेदोराचा फोन वाजला. पलीकडे कंपनीचा स्थानिक एजंट, लुचियो ब्रुसेगान. हा गृहस्थ कोरड्या जमिनीवर, मेस्त्रे शहरातल्या कचेरीत बसून खाडीचा कारभार बघायचा आणि त्याला बोट लागायची.

“फेदोराबाई, ही मंडळी व्हेनिसला गेलीच पाहिजेत.”

“पोहत पाठवू?”

“चेष्टा नको. प्रत्येकाचे पैसे परत द्यावे लागतील. बाई, मला सांगा, तुमच्या गावात कालवे आहेत ना? पूल आहेत? तिथल्यासारखा खांबावर सिंह आहे?”

“मग?”

“मग काय! धुकं आहे. त्यांनी आधी बघितलंय कुठे? फिरवा तासभर आणि म्हणा, हेच व्हेनिस.”

फेदोराच्या कपाळाची शीर उडायला लागली. “साहेब, किओज्जाच्या बाईला किओज्जाला व्हेनिस म्हणायला सांगताय? त्यापेक्षा मला माझ्या आईला दुसऱ्याची बायको म्हणायला सांगा!”

“तुमची मर्जी. पुढच्या हंगामात पाटी धरायला माणसं पुष्कळ मिळतील.”

इकडे आड, तिकडे विहीर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. या वयात ही नोकरी गेली तर शीतगृहात उभं राहून कोळंबी सोलणं एवढंच नशिबात होतं आणि बोटांची सांधेदुखी तर आत्ताच सुरू झाली होती. फेदोरानं पाटी खांद्यावर टाकली आणि मनाशी एक तोडगा काढला. व्हेनिस हा शब्द आपण तोंडातून काढायचा नाही. पाटी काय बोलायचं ते बोलेल.

घोळक्याला कॉफीच्या दुकानात बसवून ती धावत मासळी बाजारात गेली. तिथे तिचा चुलतभाऊ सान्ते मासे विकायचा. सान्तेला दोन नाद होते, एक तारले आणि दुसरा गावच्या उन्हाळी नाटकाचा. नाटकात त्याला कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त काम मिळालं नव्हतं. फेदोरानं अडचण सांगितली आणि त्याचे डोळे लकाकले.

“म्हणजे आपण सगळ्यांनी व्हेनिसवाले व्हायचं?”

“व्हायचं नाही रे, फक्त गप्प बसायचं!”

“गप्प बसून कुणी व्हेनिसवाला होतो का? अगं, त्याला अभ्यास लागतो. नाक वर. गिऱ्हाईकाकडे बघायचं नाही. काही विचारलं तर सुस्कारा टाकायचा. आणि खुर्चीला बूड टेकलं की त्याचे वेगळे पैसे.”

“सान्ते, जास्त करू नकोस हं. तुझी सवय मला ठाऊक आहे.”

“तू काळजीच करू नकोस,” सान्ते म्हणाला. तिथेच काळजी करायला हवी होती.

घटकाभरात बाजारभर बातमी पसरली. जिथे जिथे गावाचं नाव लिहिलं होतं तिथे तिथे जाळी वाळत पडली. एरवी “या हो ताई, बघा कसा तडफडतोय,” म्हणून ओरडणाऱ्या कोळणी ओठ मुडपून बसल्या. कॉफीवाल्यानं किंमत तिप्पट केली आणि कप आदळून ठेवायला सुरुवात केली. गंमत बघा, आदल्या आठवड्यात हसून स्वस्त कॉफी दिली तर याच जहाजाच्या माणसांनी नाकं मुरडली होती. आज ती महाग आणि गार मिळाली, तेव्हा एकमेकांना कोपरानं ढोसत हा घोळका म्हणाला, “हेच ते! अगदी ऐकलं होतं तसंच!”

फेदोरा पुढे, घोळका मागे. कुणीतरी विचारलं, “ते जगप्रसिद्ध मोठं चर्च कुठाय?” फेदोरानं धुक्यात उत्तरेकडे बोट दाखवलं. “तिकडे.” हे तर शंभर टक्के खरं होतं. तिकडेच होतं ते, खाडीच्या पल्याड. सगळ्यांनी भक्तिभावानं धुक्याचे फोटो काढले. एक निवृत्त दंतवैद्य होते, त्यांना धुक्यात घुमट दिसलासुद्धा.

विगोच्या पुलावर आल्यावर घोळका थांबला. खालून वेना कालवा संथ वाहत होता, दोन्ही काठांना होड्या टेकल्या होत्या, आणि धुकं जरा विरळ होऊन पलीकडच्या घरांचे गुलाबी-पिवळे रंग हळूहळू वर येत होते. मिसेस प्रेंटिस नावाच्या एक बाई होत्या, आयोवाच्या, पोस्टात नोकरी केलेल्या. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्या रडू लागल्या.

फेदोरा घाबरली. “बरं नाही का वाटत?”

“अहो, इतकं सुंदर मी जन्मात काही पाहिलं नाही,” मिसेस प्रेंटिस नाक पुसत म्हणाल्या. “मला वाटलं होतं, नुसता दिखावा असेल. पण इथे माणसं राहतात हो! ती बघा, ती आजी खिडकीतून टोपली खाली सोडतेय. तुम्ही इथल्याच का?”

“इथलीच,” फेदोरा म्हणाली. “त्या पलीकडच्या गल्लीत जन्मले.”

“भाग्यवान आहात बाई.”

ज्या एका वाक्यासाठी फेदोरा इतकी वर्षं तिष्ठत होती, ते आज कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून म्हणालं होतं, आणि म्हणालं होतं ते दुसऱ्याच गावाला. लग्न आपल्या लेकीचं आणि आहेर शेजारणीला, अशी गत. तरीही तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पूल तर आपलाच होता. ती आजीही आपलीच, चांगली खाष्ट म्हातारी. फेदोराला वाटलं, असू दे, नावाचं काय एवढं? निभावून नेऊ. जहाज सुटेपर्यंत गप्प राहिलं की झालं.

आणि खरंच निभावलं असतं. पण पुलाच्या पायथ्याशी चौक आहे आणि चौकात तो खांब आहे. खांबावर आमचा पंखवाला सिंह. आता खरं सांगायचं तर सिंह अंगानं जरा बेताचाच आहे. शेकडो वर्षं व्हेनिसवाले त्याला मांजर म्हणून चिडवत आलेत. त्यावरून आमच्याकडे डोकी फुटलीत, सोयरिकी मोडल्यात. किओज्जाच्या माणसाला चोर म्हणा, लबाड म्हणा, तो हसून सोडून देईल. मांजर म्हणू नका.

दंतवैद्यांनी मान वर केली. “हा तो सिंह? मला वाटलं, मोठा असेल.”

आजूबाजूला मासळीबाजारातली निम्मी मंडळी सोंग बघायला जमली होती. सान्ते घोळक्याशेजारीच उभा होता, नाक वर आणि हात मागे. सकाळपासून त्याचं काम झकास वठलं होतं. त्याला वाटलं, आता कळस चढवावा. अस्सल व्हेनिसवाला या जागी काय म्हणाला असता? अगदी त्यांच्याच हेलात, ओठ वाकडे करून सान्ते मोठ्यानं बोलला, “सिंह कसला डोंबलाचा! मांजर आहे ते, मांजर!”

चौकातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. स्वतः सान्तेचाही चेहरा पडला, आपल्या तोंडून काय गेलं ते त्याला जरा उशिरा कळलं. पण तोवर फेदोरा सगळं विसरली होती. एजंट विसरली, पगार विसरली, शीतगृहातली कोळंबी विसरली. शेजारच्या मासळीच्या हातगाडीवरचा एक भलामोठा, लिबलिबीत माकूळ उचलून तिनं तो सान्तेच्या थोबाडावर हाणला.

“मांजर? मांजर म्हणतोस आपल्या सिंहाला? जीभ हासडून हातात देईन!”

“अगं, मी नाटकात—”

“तुझ्या नाटकाच्या बैलाला!”

कोळणी मध्ये पडल्या, त्याही सान्तेवरच तुटून पडल्या. ओठ मुडपून बसलेल्या सकाळचा सगळा आवाज त्यांच्या गळ्यांतून एकदम सुटला. घोळका आनंदानं फोटो काढत होता. हाही कार्यक्रमातलाच भाग असावा, असं त्यांना वाटलं. दंतवैद्यांनी तर टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, “व्हेनिसमध्ये हे रोज होतं का?”

फेदोरा गर्रकन वळली. केस सुटलेले, हातात माकूळ. ती त्यांच्याच भाषेत ओरडली, “हे व्हेनिस नाही! व्हेनिस तिकडे, पाण्यापलीकडे! हे किओज्जा आहे, किओज्जा! हा पूल किओज्जाचा, हा कालवा किओज्जाचा आणि हा सिंह आहे!”

आता मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढचं सांगायला फारसं बरं वाटत नाही. तोंडं उतरली. मघाशी अस्सल लागलेली कॉफी आता लूट ठरली, आणि खरं तर ती लूटच होती. घटकेपूर्वी जे पडके रंग काळीज हलवत होते, ते आता नुसते पडके झाले. दंतवैद्य म्हणाले, मला पहिल्यापासूनच संशय होता, त्या घुमटात काहीतरी गडबड होती. कुणीतरी जहाजावर फोन लावला, जहाजानं ब्रुसेगानला लावला, ब्रुसेगाननं फेदोराला. मांजर या एका शब्दावरून एखादी बाई नोकरीवर पाणी सोडते, हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. “उद्यापासून येऊ नका,” एवढंच तो म्हणाला. “आणि पाटी कंपनीची आहे, ती धक्क्यावर ठेवून जा.”

ती पाटी ठेवायला धक्क्यावर गेली, तेव्हा घोळका जहाजात परत चढत होता. मिसेस प्रेंटिस होड्या बांधायच्या एका खुंटावर बसून फोनमधले फोटो पुसत होत्या. बोट टेकवायचं, पुसायचं. पुन्हा टेकवायचं, पुसायचं. टोपलीवाली आजी गेली. होड्या गेल्या.

“नका हो पुसू,” फेदोरा म्हणाली. “पूल तर तोच आहे. सकाळी तुम्ही रडलात ना त्याच्यावर?”

“रडले,” बाई खाली मान घालून म्हणाल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. “अजूनही सुंदरच आहे तो. पण माझी नणंद व्हेनिसला जाऊन आली आहे. वीस वर्षं ऐकवते आहे मला. मी निघाले, तेव्हा म्हणाली, बघू या तू कुठवर पोचतेस ते. आता हे घेऊन जाऊन मी तिला काय सांगू? जिचं नावही मला घेता येत नाही, त्या गावी गेले होते म्हणून?”

त्यांचं बोट विगोच्या पुलावर येऊन थांबलं. सकाळचा तो फोटो, धुकं विरताना काढलेला, आणि कठड्याशी पाठमोरी फेदोरा.

आयुष्यभर जे नाव उच्चारण्याआधी ती थुंकत आली, ज्या नावापायी सकाळीच तिनं सख्ख्या चुलतभावाला माकळानं मारलं, ते नाव फेदोराच्या घशाशी आलं. आजूबाजूला गावातलं कुणी नाही ना, ते तिनं पाहिलं.

“ठेवा तो,” ती हळूच म्हणाली. “नणंदेला सांगा, हे व्हेनिस.”