साडूचा हिवाळा

माझ्या साडूने टास्मानियात सफरचंदांची बाग घेतल्याचं कळलं, त्या दिवशी मी सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमधल्या एसीचं तापमान दोन अंशांनी खाली आणलं. हिवाळ्याच्या बाबतीत मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही चांगी बिझनेस पार्कमध्ये, वेगवेगळ्या बँकांत. तो बुकित तिमाहच्या आलिशान कॉन्डोत राहायचा आणि त्याचा मला हेवा वाटायचा. पण तो हेवा आटोपशीर होता, एका पोहण्याच्या तलावाएवढा. मग त्याने नोकरी सोडली, बायकोला घेऊन जगाच्या दक्षिण टोकाला गेला आणि हेव्याला एकदम चार एकर जागा मिळाली.

व्हॉट्सॲप तेव्हा नुकतंच घराघरांत आलं होतं. दर रविवारी सकाळी कुटुंबाच्या गटावर साडूचा ऋतू यायचा. ऑक्टोबरात बहर. फेब्रुवारीनंतर तोडणी. जुलैत पानं झडलेली झाडं आणि त्यांच्याखाली गोठलेलं दव. फवारणी करत नसल्यामुळे अळ्या अडवायला खोडांभोवती पुठ्ठ्याचे पट्टे, गोगलगायी खायला बदकं. पडलेली फळं खायला छोट्या कांगारूसारखे प्राणी यायचे आणि फोटोसाठी थांबायचेसुद्धा. एकदा साळिंदरासारखा कुणी काटेरी जीव मुंग्या शोधत झाडांमधून चालला होता. त्याखाली साडूने लिहिलं होतं : ‘जमीन आपली नसते. आपण जमिनीचे असतो.’ वर्षभरापूर्वी हाच माणूस पार्किंगच्या जागेवरून कॉन्डोच्या कमिटीशी भांडत होता.

गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरायचं, वसंतात उकरून काढायचं आणि त्यातलं चिमूटभर बादलीभर पाण्यात तासभर ढवळून बागेत शिंपडायचं, हाही एक विधी होता. त्याने काही होतं याचा पुरावा मी बराच शोधला, सापडला नाही. सासूबाईंना शेण म्हटल्यावर पुराव्याची गरज वाटली नाही.

माझी दहा वर्षांची मुलगी हे फोटो मोठे करून करून पाहायची. “काकांकडे ॲपल्स झाडावर असतात,” ती एकदा म्हणाली. “आपल्याकडे स्टिकरवाले, लाह.” वाक्याला ‘लाह’चं सिंगापुरी शेपूट तिला शाळेत चिकटलं होतं.

त्या दिवसापासून मला एक सफरचंद हवं होतं. एकच. माझ्या हातचं, सिंगापूरच्या मातीतलं, रविवारी सकाळी गटावर टाकायला.

आमच्या ब्लॉकखाली रहिवाशांची सामायिक बाग आहे. तिथे माझा एक वाफा होता, त्यात कढीपत्ता आणि अपयशी टोमॅटो. शेजारच्या वाफ्यात एक निवृत्त बसचालक होते, मूळचे जावाच्या डोंगराळ भागातले. मी त्यांना अंकल म्हणायचो. त्यांच्याकडे चक्क सफरचंदाचं झाड होतं. मलाही त्यांनी एक रोप मिळवून दिलं. ते दोन वर्षं नुसतं वाढलं.

“ट्री नेव्हर स्लीप, हाऊ टु वेक अप?” अंकल म्हणाले. “यू मेक इट स्लीप, लाह. पुल ऑल द लीफ.”

जावात असंच करतात. तिथेही हिवाळा नाही, म्हणून हातानेच पानगळ करायची. एकूण एक पान ओढून काढलं की झाडाला वाटतं, थंडी येऊन गेली, आणि ते फुलायला लागतं. एका शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी पानं तोडली. येणारेजाणारे थांबून पाहत होते. “अंकल, युअर ट्री डाय ऑलरेडी,” एक बाई मला सहानुभूतीने म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी त्या काटक्यांवर फुलं आली. पांढरी, कडेला गुलाबी. अकरा. मी घरात कुणालाच सांगितलं नाही. फुलं काय, कुणाच्याही झाडाला येतात. फळ हातात आल्यावरच तोंड उघडायचं, असं मी ठरवलं होतं.

त्या सुमारास सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, टास्मानियाहून थेट. रोज सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन त्या फिरायला जात आणि पूजेसाठी फुलं घेऊन येत. कुणाची, हा प्रश्न पुण्यात त्यांना कधी पडला नव्हता, तो सिंगापुरात का पडावा? तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघताना देवघराकडे पाहिलं. गणपतीच्या डोक्यावर माझी अकरा सफरचंदं होती.

“आई, ही फुलं कुठली?”

“खालच्या बागेतली. किती गोड आहेत ना? धाकट्या जावयांकडे होती अगदी तश्शी! एका वाळक्या झाडावर होती हो बिचारी. पान म्हणून नव्हतं. म्हटलं, झाड तर गेलंच, फुलं तरी देवाच्या कामी येतील.”

मला खरं सांगावं लागलं. बायको हसत हसत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. सासूबाईंचा चेहरा उतरला.

“अहो, मग तुम्ही सांगितलं का नाहीत? धाकटे जावई बघा, साधी कळी आली तरी फोटो पाठवतात.”

मी ऑफिसची बॅग उचलून निघालो.

दोन मिटलेल्या कळ्या मात्र त्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या. त्या उमलल्या तेव्हा अंकलनी आपल्या झाडाच्या फुलांवरून ब्रश फिरवून तो माझ्या फुलांवर टेकवला. सासूबाई रोज सकाळी स्टूल टाकून राखणीला बसू लागल्या. साळुंक्यांना त्या मराठीत दम भरायच्या. एक फूल गळलं. दुसऱ्याचं फळ धरलं. ते लिंबाएवढं झालं तेव्हा सासूबाई पुण्याला परत गेल्या आणि तिथून फोनवर आधी त्याची चौकशी करू लागल्या, मग माझी.

फळाची एक बाजू लाल झाली. अंकल शुक्रवारी म्हणाले, “टेक, टेक.” पण मला रविवार हवा होता. साडूचा फोटो आला की पाचव्या मिनिटाला माझा.

रविवारी मुलीला घेऊन खाली गेलो. फांदीवर खार बसली होती. सफरचंद देठाला लटकत होतं, अर्धं खाल्लेलं. उरलेलं अर्धं ती दोन्ही हातांत धरून सावकाश कुरतडत होती.

“बाबा, सो क्यूट!” मी काही म्हणायच्या आत मुलीने माझ्याच फोनवर फोटो काढला आणि गटावर टाकला.

साडूचं उत्तर मिनिटभरात आलं. ‘खार?! आमच्याकडे खारी नाहीतच हो, भाऊजी. खरंच हेवा वाटतोय तुमचा.’ पुढे एक हसरा चेहरा. त्याखाली सासूबाईंचे जोडलेले हात, मेहुणीची टाळी, सगळ्यांचं कौतुक.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. हेवा वाटतो, असं चारचौघांत लिहून मोकळं होता येतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्यातही तोच पुढे निघाला.

खार उडी मारून पळाली. मी सफरचंद तोडलं, बागेच्या नळाखाली धुतलं, खारीने दात लावलेली बाजू देठ कापायला आणलेल्या चाकूने काढून टाकली आणि उरलेलं तिथेच उभ्याउभ्या खाल्लं. आंबट होतं. मुलीने हात पुढे केला तेव्हा माझ्याकडे फक्त देठ उरला होता.