दादाची नक्कल

माझ्या मावसभावाइतका खरा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात झाला नाही, आणि त्या खऱ्या माणसाला चारचौघांसारखा करून सोडायचं काम माझ्याइतकं मन लावून दुसऱ्या कुणी केलं नाही. यातली पहिली गोष्ट मी दहा वर्षांची असल्यापासून, ऐकणारा सापडेल तिथे, हातवारे करून सांगत आले आहे. दुसरी आज पहिल्यांदा सांगते आहे. आमच्या नात्यागोत्यात गोष्टी सांगणारी बाई म्हणून माझं जे काही नाव आहे, ते सगळं या दादाच्या जिवावर कमावलेलं आहे.

तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मावशी धसईला दिलेली, आम्ही शहापूरचे. मे महिना लागला की आई मला एसटीत बसवून धसईला धाडायची आणि महिनाभर सुखाने झोपायची. दादा स्टँडवर घ्यायला यायचा. लोक म्हणतात तसं ‘आलीस का?’ वगैरे नाही. मी समोर दिसत असताना आलीस का विचारण्यात त्याला काही अर्थ वाटत नसे. तो माझी पिशवी घ्यायचा आणि मागच्या मेमध्ये अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायचा. त्याला ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं विचारायची चूक गावातले लोक एकदाच करत. एका नव्या ग्रामसेवकाने मोटारसायकल चालू ठेवून ती केली. दादाने त्याला टाचेची भेग, पोट साफ झालं का नाही आणि गाभण म्हशीची तब्येत अशा क्रमाने सगळं सांगितलं. त्या गृहस्थाने मध्येच गाडी बंद केली. सांगून झाल्यावर दादा म्हणाला, “आता तुमचा बोला,” आणि खरोखरच ऐकायला उभा राहिला.

भाताचा दाणा दाताखाली धरून तो जात सांगायचा. बाजाराच्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या ढिगाजवळ उभा राहून म्हणायचा, “ह्यो कोलम नाय. ह्याच्यात रत्ना हाय.” व्यापाऱ्याने शेवटी त्याला चहा पाजून लांबच्या कट्ट्यावर बसवलं. चहा संपला तसा दादा आभार मानायला परत आला, आणि आलाच आहे म्हणून आणखी एक दाणा चावला. वाजंत्रीचा आवाज त्याला सोसायचा नाही. त्यामुळे वरातीत तो नवरदेवाच्या फर्लांगभर पुढे, कानांवर हात दाबून चालायचा. नवख्या माणसाला वाटावं, वरात याच्याच मागे लागली आहे. आळीतल्या हातपंपाचा खडखडाट मात्र त्याला अतिशय प्रिय. डोळे मिटून, एका लयीत ‘हूं हूं’ करत तो पंप मारायचा आणि बायकांचे हंडे भरून जायचे. सकाळी बायका त्याची वाट बघत बसत.

पण त्याची खरी कीर्ती झाली ती पंगतीत. मावशीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, मनुष्यबळ कमी पडलं म्हणून, दादाच्या हातात जिलब्यांचं ताट दिलं. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणतो ते त्याचं कर्तव्य असतं, आणि वाढणारा तरीही वाढतो ते त्याचं. दादा खुद्द व्याह्यांपुढे उभा राहिला. व्याही म्हणाले, नको. दादा थांबला. व्याही हसून पुन्हा म्हणाले, नको नको. दादा पुढच्या पानावर गेला. तांबड्या फेट्याचा तो भला माणूस पंगत उठेपर्यंत त्या ताटाकडे बघत होता, आणि अर्धवट जेवून उठला. मग मांडवात जे काय झालं ते झालं. मावशी रडकुंडीला आली, काका ओरडले. दादा शांतपणे म्हणाला, “तीन येला नको बोल्ले ते. मी आयकलंय.”

यानंतर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. पुढच्या हळदीला बायका जमल्या, मी परकर खोचून व्याही झाले, मग दादा झाले, मग जिलबी झाले. बायका लोळायच्या बाकी राहिल्या. दादा पुढेच बसला होता. त्याला राग आला नाही. तो कान देऊन ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला, “ताट पितलंचा नव्हता गो, ष्टीलचा होता.” त्यावर तर मांडव पडायचा राहिला. तेव्हापासून आमची जोडीच झाली. कुठलंही लग्न असो, बारसं असो, मी नक्कल करायची आणि दादाने तपशील दुरुस्त करायचे. पंपाची नक्कल, ग्रामसेवकाची, वरातीची. शेवटी मी त्याच्या दुरुस्त्या करण्याचीही नक्कल करू लागले. एवढी हुशार होते मी.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होत होती. माझा माल जुना पडत चालला होता. मी पंपाची नक्कल केली त्याच्या पुढच्या मेमध्ये धसईला गेले, तर बायका आपापले हंडे स्वतः भरत होत्या. मी वरात दाखवली, त्यानंतर दादा वरातीत सगळ्यांबरोबर, घामाने निथळत, हात खाली ठेवून चालू लागला. ग्रामसेवकाला तो आता “बरं आहे” एवढंच म्हणायचा. पंगतीत तर असा आग्रह करायचा की पानावर आडवे हात धरलेल्या म्हाताऱ्यांच्या हातांवर जिलबी पडायची. मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवला. “तुज्यामुलं सुधारला गो माजा पोर.” मला फार बरं वाटलं. तरीही बाई, नवीन काय सांगायचं, ही माझी काळजी होतीच.

माझ्या स्वतःच्या हळदीला, शहापुरात, बायकांनी आग्रह धरला. अंगाला हळद लागलेली असताना मी व्याह्यांची जुनीच नक्कल केली, आणि घाईत फेटा तांबड्याचा हिरवा करून टाकला. दादा पुढे बसला होता. तो काही बोलला नाही. सगळ्यांबरोबर हसला, सगळे थांबले तसा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागे तो भाड्याने आणलेले पेले पुसून ठेवत होता. मी थट्टेने म्हटलं, “काय रे दादा, काल माझं काहीच चुकलं नाही वाटतं?”

“चुकलं ना. फेटा तांबडा होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“ता पन तू दाखवलंस ना, मी चुका काढतो ते. मंग ते मी बंद केलं.” त्याने पेला उजेडात धरून पाहिला. “लोकं कशाला हसतात ता मला आपलं आपलं नाय कलत. तू दाखवतेस तवा कलतं. मंग ते मी करत नाय.” बोलण्यात तक्रार नव्हती, गणिताच्या मास्तरांविषयी बोलावं तसा तो बोलत होता. मग म्हणाला, “आता तू सासरी चाललीस. अजून काय राहिलंय ते सांगून जा. एकदाच उरकून टाकतो.”

आतून हाक आली आणि मी गेले. लग्नाच्या दिवशी नवरीला रडायला कारण लागत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

पुढे माझा मुलगा सहा वर्षांचा झाला. शाळेतल्या बाई त्याला ‘जा, उंडार बाहेर’ म्हणाल्या, तर हा दप्तर घेऊन सरळ घरी आला. असं दोनचारदा झाल्यावर त्याला घेऊन आम्ही कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अ‍ॅस्पर्जर असा शब्द सांगितला, बोललेलं शब्दशः घेणाऱ्या मुलांसाठीचा, आणि विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का? मी म्हटलं, होता. बोलून गेले तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. दादा तर धडधाकट होता, भाताच्या गिरणीवर कामाला जात होता, सगळ्यांना ‘बरं आहे’ म्हणत होता.

त्या मेमध्ये मुलाला घेऊन धसईला गेले. स्टँडवर दादा आला होता. म्हणाला, “आलीस का?”

दुपारी पंगत आमची चौघांचीच. दादा वाढत होता. मुलाच्या पानाशी आला, आणि मुलगा म्हणाला, “नको.” दादाच्या हातातला वाढायचा डाव सवयीने खाली आला होता. तो अर्ध्यावर थांबला. मुलाने पुन्हा म्हटलं, “नको,” तेवढ्याच आवाजात. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हसतेय का, ते बघत होता. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. इतका वेळ कालवला की मावशीने विचारलं, “मीठ कमी हाय का गो?”

मग डाव परत भांड्यात गेल्याचा आवाज आला.

हा प्रसंग मी आजवर कुठल्या हळदीत सांगितला नाही. त्या दिवशी डावात वरण होतं की आमटी, हे आता मला नीटसं आठवत नाही. वरणच असावं. पूर्वीचा दादा असता, तर त्याने इथेच मला थांबवलं असतं.